पिवळ्या हरभऱ्याचा सायेब

गौतमभाऊ, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही रानात होतो. मालक बांधावर भाकरी खात बसले होते. त्यांना सांगितलं, तर घास हातातच राहिला. भाकरी तशीच फडक्यात बांधली आणि आम्ही घराकडे निघालो. पारावर तीन-चार म्हातारे बसलेले. एकानं विचारलं, आज लवकर कसं काय? मी म्हणाले, आपले गौतम सायेब लातूरला वारले. तर तो म्हणतो कसा, "कोण, पिवळ्या हरभऱ्याचा सायेब का?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. माणूस गेला, आणि ह्याला हरभरा आठवतो! तुम्ही या गावात राहिले, बी कसं निवडायचं, खताचा खड्डा कसा भरायचा, सगळं शिकवलं. ते सगळं गाव विसरलं. नाव तेवढं लक्षात ठेवलं, आणि तेही असलं.

म्हणून आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होते तेव्हाही भांडतच आले. पण तुम्ही दर वेळी हसायचे आणि विषय बदलायचे. आता बदलून दाखवा.

तुम्ही आले तेव्हा लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. त्याआधी आमचं सगळं काम उस्मानाबादेला. नव्या जिल्ह्यात नवी हापिसं, तीही भाड्याच्या खोल्यांत. तिथल्या मोठ्या साहेबांना काहीतरी करून दाखवायची लई घाई होती. तुम्ही किनवटकडचे, नवे कृषी सहायक. निलंग्याहून सायकल मारत गावात आले आणि वस्तीवर, तुमच्या बौद्ध लोकांत, एक खोली घेऊन राहिले. वैनी तेव्हा नव्या नवरी होत्या. मी पण फार जुनी नव्हते.

त्या साली हायब्रीड ज्वारी पेरली आणि पाठोपाठ तुम्ही पाठीला पंप बांधून आमच्या जवळच्या रानात, चार एकरांत, गवताचं औषध मारलं. पांढरी पावडर, पाण्यात कालवून. गावातल्या आठ-दहा घरांनी ते मारून घेतलं. मालकांचा दोस्त किसन तर तुमच्या मागंमागं फिरायचा, माझ्या रानात आधी या म्हणून. आणि खरंच, ज्वारी वर आली पण तण काही उगवलं नाही. लोक बांधावर उभं राहून बघायचे. तुम्ही सांगायचे, ज्वारीला हे औषध पचतं, बाकी पिकांना पचत नाही. आम्ही हाव हाव म्हणायचो. ज्वारीच पेरली होती, आम्हाला बाकीच्यांचं काय करायचं होतं?

मग पाऊस गेला तो गेलाच. पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात पाणी नव्हतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, ती वैरण म्हणून कापून टाकली. काळ्या रानाला अशा भेगा पडल्या की शेळीचा पाय अडकायचा. लोक बोलायचे कमी झाले. भाद्रपद सरता सरता ढग आले आणि चांगला दणकून पाऊस झाला. गाव उठून बसलं. ज्वारी गेली तर गेली, या ओलीवर हरभरा साधला तर वर्ष निघणार होतं. नाही तर बैलांना बाजार दाखवायची पाळी होती.

तुम्ही चिखलातून सायकल ढकलत आमच्या रानात आले. मुठीत माती घेतली, दाबली. लाडू छान वळला. मला वाटलं तुम्ही खूश होणार, तर तुमचं तोंड उतरलेलं. म्हणाले, "हरभरा पेरू नका. औषध अजून मातीत हाय."

मालक हसायलाच लागले. पेरणीच्या वेळी मारलेलं औषध, मधे सगळा पावसाळा गेला, आता कुठलं राहतंय? तेव्हा तुम्ही तिथंच मातीत बसले आणि समजावून सांगितलं. तुमचं ते बोलणं मला अजून तोंडपाठ आहे. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ओल असली की ते औषध खाऊन संपवतात. ओल गेली की ते निपचित पडतात, आणि औषध तसंच राहतं. कोरड्या काळ्या मातीला ते चिकटून बसतं. पाऊस पडला की सुटतं आणि मुळाला लागतं. पावसाळा सगळा गेला हे खरं, पण पाऊस कुठं होता त्यात?

मालकांनी विचारलं, मग पेरू काय? तुम्ही म्हणाले, शाळू पेरा. ज्वारीच ती, तिला काही होणार नाही. आता ज्वारीवर ज्वारी आमच्याकडं कुणी घेत नाही, भाऊ. रान थकतं म्हणतात. मालक म्हणाले, मला गावात तोंड दाखवू द्या. मग तुम्ही दुसरी वाट सांगितली. डब्यांत ही माती भरा, हरभरा टाका, उन्हात ठेवा, दोन-तीन आठवडे वाट बघा. तर मालक उसळले. तोवर ओल उडून गेल्यावर काय पेरू, दगडं?

खरा पेच तोच होता. औषध मरायला ओल पाहिजे, बी उगवायलाही तीच ओल पाहिजे. थांबावं तर ओल जाणार, पेरावं तर बी जाणार. तुम्ही नुसतं पेरू नका, पेरू नका करून राहिले.

त्यातच घट बसले. माझ्या सासूबाई, आत्याबाई, माहूरच्या रेणुकेच्या भक्त. घटाची माती दरसाल आपल्या रानातली आणायची हा आमच्याकडचा रिवाज. त्या साली त्यांनी जवळच्या रानातलीच आणली. पत्रावळीवर पसरली, मधे घट ठेवला, भोवती गहू, ज्वारी, हरभरा, करडई टोकली. आमचं देवघर आतल्या खोलीत, खिडकी नाही, नंदादीप जळायचा तेवढाच उजेड. आत्याबाई रोज पाणी शिंपडायच्या. शेवटच्या माळेपर्यंत धान वीतभर झालं. आत्याबाईंनी दारादारांत सांगितलं, आईनं कौल दिला. आणि आमच्याच नाही, ज्यांच्या ज्यांच्या रानात तुम्ही औषध मारलं होतं त्या सगळ्यांच्या घरी घट असाच तरारून आला. गावाला आणखी काय पाहिजे?

तुम्ही पुन्हा आले. ओसरीच्या कडेला बसले. तुमचा कप वेगळा, भिंतीतल्या देवळीत ठेवलेला. त्यात मी चहा दिला. आत्याबाईंनी कौतुकानं घटाचं सांगितलं. दुसरा कुणी असता तर हो म्हणून चहा पिऊन गेला असता. तुम्ही म्हणाले, "मावशी, घट अंधारात हाय. ते दाण्यातलं खाऊन वाढलंय. ऊन लागलं, पान आपलं आपण खायला लागलं, की मग औषध धरतंय."

आत्याबाई शांत होत्या. त्यांचं शांत असणं मला ओरडण्यापेक्षा जास्त भ्यायला लावायचं. म्हणाल्या, "देवीच्या घटात काय उगवतंय ते आता तुम्ही सांगणार? तुमच्यात घट तरी बसतो का?"

मालक कुठंतरी दुसरीकडं बघायला लागले. तुम्ही कप विसळला, देवळीत पालथा घातला आणि उठले. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाण्याचा तांब्या न्यायला मी दारात आले, तेव्हा तुम्ही चप्पल घालत हळूच म्हणाले, घट उठला की ती माती विहिरीत सोडायच्या आधी थोडे दिवस उन्हात ठेवून बघा. एवढंच. तुम्हाला राग आला होता का भाऊ? मी पुष्कळदा विचारलं. तुम्ही कधी सांगितलं नाही.

दसऱ्याला धान टोपीत खोचून माणसं सोनं लुटायला गेली. राहिलेलं धान आणि माती विहिरीत सोडायला मी निघाले. निम्मी सोडली. निम्मी एका जुन्या परातीत घालून, धानासकट, माळवदावर नेऊन ठेवली. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्या शिडी चढत नसत म्हणून ते जमलं. वाळवण बघायच्या निमित्तानं रोज वर जायची आणि पाणी शिंपडायची. देवीची माती मी उन्हात डांबून ठेवली होती. 

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मालकांनी तिफण जुंपली. एक बैल आमचा, एक किसनचा, असा त्यांचा वारंगुळा होता. आज तुझं रान, उद्या माझं. आमचं निम्मं रान पेरून झालं आणि बैल किसनच्या रानात गेले. तेवढे आठ दिवस मिळाले मला. परातीत आधी गव्हाची टोकं पिवळी पडली. मग हरभऱ्याची खालची पानं कडेनं पिवळी, मग पांढुरकी. करडईनं मान टाकली. ज्वारी मात्र हिरवीगार उभी.

बैल परत आले त्या सकाळी मी परात पदराखाली घेतली आणि रान गाठलं. मालक तिफण जुंपून तयार, ओटीत हरभरा. बैलांच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि परात खाली ठेवली. मालक म्हणाले, हे काय? मी म्हणाले, घट.

"विहिरीत सोडला न्हाई तू?"

मी परात पुढं सरकवली. त्यांचा हात कासऱ्यावर आवळला. मला वाटलं आज मार बसतो. ते खाली बसले, एकेक धान बोटानं उचलून बघितलं, ज्वारीला हात लावला. बैल शेपट्या हलवत उभे. मग त्यांनी ओटीतला हरभरा पोत्यात ओतला आणि शाळूचं बी आणायला घराकडं चालायला लागले. परात तेवढी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आईला कळता कामा नये.

तसं आमचं निम्मं रान वाचलं. पेरलेल्या निम्म्यात हरभरा उगवला, काकऱ्या कशा ओळीनं दिसायला लागल्या. किसन म्हणायचा, बघा, सायेब उगंच भ्या दाखवत होता. आणि मग पिवळं पडायला सुरुवात झाली. किसनचं रान, आमचं निम्मं, त्या आठ-दहा घरांतलं एकेक रान. रोज कुणाच्या तरी दारातून शिव्या ऐकू यायच्या.

लातूरहून जीप आली. चावडीवर गाव गोळा झालं, आम्ही बाया भिंतीच्या मागं. किसन सगळ्यांत पुढं होता आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडून राहिला होता. ह्यानं आमची रानं मारली, ह्याला गावातून काढा. जीपमधून आलेल्या साहेबानं तुम्हाला सरळ विचारलं, औषध राहतं, हरभरा घेऊ नका, हे तुम्ही लोकांना सांगितलं नव्हतं का?

मी मालकांकडं बघितलं. मालकांनी मिठाची गुळणी धरलेली, नजर जमिनीत. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं भाऊ, तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. बांगडी फुटून हातात रुतली. आणि तुम्ही एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "औषध मी दिलं. चूक माझी हाय."

अहो, काय गरज होती? तुम्ही सांगितलं होतं! आमच्या रानात बसून सांगितलं, आमच्या ओसरीवर सांगितलं. आमचा शाळू चावडीवरून दिसत होता, हिरवा. बोट केलं असतं तरी पुरलं असतं. सगळं खापर आपल्याच डोक्यावर फोडून घेतलं तुम्ही. बदली झाली ती थेट नांदेडच्या त्या टोकाला, माहूरच्या पायथ्याला. वैनी तेव्हा पोटुशा होत्या. सामान एसटीच्या टपावर चढवायला गावातलं कुणी आलं नाही.

पुढं तुम्ही आमच्याकडं आले तेव्हा आत्याबाईंसाठी माहूरहून रेणुकेचा तांबूल घेऊन आले. तुम्ही, ज्यांच्यात घट बसत नाही! आत्याबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि आत गेल्या. कपाचं काही त्यांनी बदललं नाही. ते मी बदललं. त्या दिवशी तुम्हाला घरातल्या कपात चहा दिला, आणि त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

तुम्ही लातूरला घर केल्यावर तर आमचं येणं-जाणं वाढलं. पोरांच्या क्लासला जायचं, तुमच्याकडं उतरायचं, वैनीच्या हातचं जेवायचं. सोयाबीन आलं, त्याची नवी औषधं आली, आणि पाऊस ताण देऊन राहिला की मी आधी तुम्हाला फोन लावायची. तुम्ही विचारायचे, ओल किती खोल हाय? तुमच्या त्या एका प्रश्नानं आमची रानं वाचली, हे मी कुणालाही सांगते. पण चावडीचा विषय काढला की तुमचं ठरलेलं. जाऊ द्या ना बाई, त्या साली ओल कमी पडली.

या उन्हाळ्यात शेवटची भेट झाली. तुम्ही खाटेवर, उशाला औषधांच्या बाटल्या. मला माहीत होतं ही भेट कशाची आहे, तरी माझी जीभ राहिली नाही. म्हणाले, "भाऊ, तुम्ही भित्रे होते." तुम्ही हसले, हसताना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "होतोच की." आणि लगेच, बांधावरच्या विहिरीला पाणी किती हाय? मी रागारागानं उठून स्वयंपाकघरात गेले.

काल तुमच्या पुण्यानुमोदनाला आम्ही दोघं आलो. वंदना झाली, लोक बोलले, चांगलं बोलले. सगळं उरकल्यावर मी वैनीजवळ बसले आणि पारावरचं सांगितलं. म्हणाले, अजून तेच नाव घेतात, आणि दोष भाऊंचाच आहे, त्यांनी तोंड उघडलं नाही. वैनींनी माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाल्या, त्या दिवशी चावडीवर जाताना हे खोलीच्या दारात थांबले होते. मी म्हणाले, खरं ते सांगून या. तर मला म्हणाले, "खरं बोललो तर घट खोटा ठरतोय, आन् तो खोटा म्हणणारा मी. उद्या वस्तीवरच्या बायांना कोण आपल्या रानात बोलावील?"

वैनींनी हे आवाज न चढवता सांगितलं. त्यांना माझ्यावर राग काढायचा नव्हता, हे जास्त लागलं.

तुम्ही भ्यालेच होते, भाऊ. आम्हाला भ्याले होते. दुष्काळात वस्तीवरच्या चुली आमच्या रानांतल्या मजुरीवर चालायच्या आणि ते तुम्ही मोजून बसले होते. मी तुमच्या ताटात जेवून, तुमच्या तोंडावर तुम्हाला भित्रे म्हणून आले, आणि तुम्ही पाणी पिऊन विहिरीचं विचारलं. मला का नाही सांगितलं? मला लाज वाटेल म्हणून? वाटली असती तर वाटली असती. तुमच्यावर राग आहे मला, आणि तुमच्यासारखा माणूस आमच्या ओसरीवर आला याचं इतकं भरून येतं की दोन्ही एकदम आवरत नाही.

येताना एसटीत मालकांना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. निलंग्याला गाडी बदलली, तेव्हाही गप्प. मला वाटलं, हा माणूस चावडीवर बोलला नाही, आता काय बोलणार. गावात उतरलो तर पारावर तीच मंडळी. किसन मधे बसून तंबाखू मळून राहिला होता. त्यानं विचारलं, कुठं गेलता जोडीनं?

मालक थांबले. हातातली पिशवी माझ्याकडं दिली. 

"सायेबाच्या घरी. किसन, त्या साली सायेबानं मला सांगितलं होतं, हरभरा पेरू नको म्हणून. मी ऐकलं न्हाई. आन् चावडीवर गप बसलो."

 मला वाटलं आता किसन अंगावर येतो. ज्याचं सगळं रान गेलं, जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो हाच. किसनचा अंगठा तळहातावर तसाच थांबला. त्यानं तंबाखू खाली झटकली.

"मला बी सांगितलं होतं," तो म्हणाला.

त्याच्या शेजारचा म्हणाला, आमच्याही दारात आले होते. तिसऱ्यानं नुसती मान हलवली. पारावर बसलेल्या एकालाही तुम्ही सांगायचं सोडलं नव्हतं, भाऊ.